मुद्देमालातलं गाणं

मी चोर आहे हे पालघरच्या कोर्टात मी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, त्याला आता वर्ष होत आलं. कबुलीची घाई मला होती, कोर्टाला नव्हती. कोर्टाने त्याआधी बारा-तेरा वर्षं मला फार सबुरीने वागवलं. दर दोन-तीन महिन्यांनी बोलवायचं, दुपारपर्यंत बाकावर बसवायचं आणि पुढची तारीख देऊन घरी पाठवायचं. सासुरवाडीनेसुद्धा मला इतक्या नियमाने कधी बोलावलं नाही.

गुन्हा गाण्यांचा. बोईसरला लागून सरावलीत माझं मोबाईलचं दुकान आहे. आज तिथे मी फुटलेल्या काचा बदलतो, आधार कार्डाच्या झेरॉक्स काढतो आणि लोकांना त्यांचेच पासवर्ड आठवून देतो. त्या काळी मात्र खरा धंदा एकच होता. बाहेर पाटी होती, ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’. तारापूरच्या कारखान्यांची पाळी सुटली की कामगार घरी जाण्याआधी माझ्याकडे यायचे. कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा, कोणी आपला जव्हारकडचा. कोणती गाणी हवीत असं विचारलं की बहुतेकांना रागच यायचा. ‘भैया, फुल कर दो,’ एवढंच सांगायचे. कार्डात जागा शिल्लक राहिली तर दुसऱ्या दिवशी भांडायला यायचे.

गाणी यायची इंटरनेटवरून. तिथे ती पडलेली असायची आणि मी ती उचलायचो. वाटेवर पडलेला आंबा उचलताना माणूस जेवढा विचार करतो तेवढाच मी करायचो. आंब्याचं झाड कोणाचं तरी असतं, ही मौलिक माहिती मला पुढे पोलिसांनी दिली.

ती त्यांनी एका भर दुपारी दिली. इस्त्रीच्या शर्टातले दोघे जण आले, नवंकोरं कार्ड पुढे केलं आणि ताजी हिंदी गाणी मागितली. मी भरून दिली. त्यांनी तिथल्या तिथे एकेक गाणं वाजवून तपासलं. माझ्या गाण्यांच्या दर्जाची इतकी काळजी घेणारं ते पहिलंच गिऱ्हाईक, म्हणून मी खूश झालो. मग त्यातल्या एकाने गाण्यांच्या कंपनीचं ओळखपत्र काढलं आणि दुसऱ्याने बाहेर उभ्या असलेल्या पोलिसांना हात केला. पंचनामा झाला. पंच म्हणून शेजारचा वडापाववाला आणि समोरचा सलूनवाला. सलूनवाल्याने सकाळीच माझ्याकडून कार्ड भरून नेलं होतं. ते खिशात ठेवून त्याने माझ्या गुन्ह्याखाली सही केली. काळ्या रंगाचा सीपीयू एक नग, दोऱ्याने बांधून, लाखेचं सील मारून मुद्देमाल म्हणून जप्त झाला. निघता निघता हवालदाराने मला बाजूला घेतलं. ‘माजा कार्ड पन तुज्याकडंच व्हता ना? तो नाय ना गेला त्यात?’ त्याचा चेहरा खरंच पडला होता.

त्या सीपीयूत कंपन्यांची हजारो गाणी होती आणि एक गाणं आमचं होतं. ही सगळी हकिकत त्या एका गाण्याची आहे.

ते माझ्या आत्याने म्हटलेलं. आत्या माहीमची. मुंबईतलं माहीम नव्हे, केळव्याशेजारचं. हे आम्हाला दर वेळी सांगावं लागतं. ती सुकी मासळी विकते आणि आमच्या आळीत हळदीची गाणी ती सांगायची. सांगायची म्हणजे ओळ ती म्हणणार आणि बाकीच्या बायका ओळीचं शेपूट तेवढं झेलणार. तिच्या जोडीची एक होती, ती कधीच गेली. त्यामुळे अख्खं गाणं एकट्या आत्याकडे. त्यातलं मोठं गाणं चांगलं वीसेक मिनिटांचं. सुरुवातीला हळद दळतात, मग ती कुठून कुठून फिरत, कोणाकोणाला विचारत नवरीपर्यंत पोचते. ज्या घरची हळद त्या घरच्या होडीचं नाव आत्या दुसऱ्या ओळीत घालायची. आणि एक नियम होता. हळदीचं गाणं सुरू केलं की अर्धं सोडायचं नाही. वीज जावो, मांडवात भांडण होवो, नवरदेवाचा मामा पिऊन आडवा होवो, आत्या गाणं शेवटपर्यंत नेऊनच पाणी प्यायची.

माझ्या बहिणीच्या हळदीला मी ते मोबाईलवर पूर्ण टिपलं आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकलं. एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला अभिमान फार. मी ठरवलं की माझ्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक कार्डात पहिलं गाणं आत्याचं, फुकट. कुंभवलीतल्या कामगारांच्या खोल्यांमधून, कारखान्यांच्या कँटीनमधून आत्या वाजू लागली. काही लोक तक्रार करायचे, ‘ये बुढ़िया का गाना मत डालो भैया.’ आत्या तेव्हा पंचेचाळीसचीही नव्हती. मी अशांच्या कार्डात ते दोनदा घालायचो.

पुढे दुकानावर धाड पडली, केस उभी राहिली आणि त्यानंतर तीन-चार वर्षांनी बोईसरच्या एका वरातीत मला आत्याचं गाणं ऐकू आलं. खाली धडाधड बीट, वर कोणी शहरी पोरगी आवाज नाकातून काढत होती, पण चाल तीच आणि शब्द तेच. चौकशी केली तर गाणं माझ्यावर धाड घालणाऱ्या त्याच कंपनीने रीतसर बाजारात आणलेलं. त्याला कवी होता, संगीतकार होता, निर्माता होता. व्हिडिओत होडीवर उंच टाचांच्या चपला घालून नाचणाऱ्या मुली होत्या. दुसऱ्या ओळीत माझ्या आजोबांच्या होडीचं नाव होतं. शहरातल्या त्या कवीला, ज्याला बहुधा होडीत बसल्यावर उलटी होत असेल, अगदी नेमकं तेच नाव सुचलं होतं. याला प्रतिभा म्हणतात.

मी ते आत्याला ऐकवलं. ती वाळत टाकलेले बोंबील परतत होती. ‘आपली होडी लय लांब गेली रं,’ ती म्हणाली. मग पूर्ण ऐकून तिने भुवया वर केल्या. ‘यात हळद नुसती दळतात. पोरीला लावनार कवा?’ कंपनीने पहिल्या दोनच ओळी घेतल्या होत्या आणि त्याच वीस वेळा वाजवल्या होत्या. आत्याला राग नाही आला. गाणं माझं आहे असं ती कधी म्हणालीच नव्हती. आमच्याकडे कोणतीच बाई तसं म्हणत नाही, ते वाईट दिसतं. मला मात्र राग आला, आणि माझ्यासारख्याने रागावावं यातला विनोद मला तेव्हा अजिबात कळला नाही.

मग आत्याच्या घशात गाठ निघाली. मुंबईत ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. बसला नव्हे, गेला. आवाजाची पेटीच काढली. आता ती ओठ हलवते आणि हातांनी खुणा करते. गळ्यावरचं भोक पदराने झाकून घेते. तिला तसं पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला वाटतं, सगळ्याला सुटा भाग मिळतो.

गेल्या वर्षी तिच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं. आळीतल्या दीडशे पोरींना आत्याने हळद लावून दिली होती, आणि आता घरच्या पोरीच्या हळदीला गाणं सांगायला कोणी नव्हतं. मुलगी वही घेऊन आईसमोर बसली. ओठांवरून शब्द टिपून घेऊ म्हणाली. पण आत्याला शब्द सुचेनात. ते गाणं तिला सुरावर येत होतं. नुसती ओळ विचारली की ती गोंधळायची, दोन्ही हात झटकायची आणि उठून जायची. एक दिवस तिने मला बोलावून घेतलं. माझ्या खिशातल्या मोबाईलकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे. तू टिपलं होतंस ना, ते आण.

मी ‘आणतो’ म्हणालो. ज्या मोबाईलवर टिपलं तो कधीच भंगारात गेला होता. कॉम्प्युटर पोलिसांकडे. राहता राहिली ती मी फुकट वाटलेली कार्डं. दुकानावर पाटी लावली, जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. सगळ्यांनी आत्याला पुसून तिच्या जागी नवी गाणी भरून घेतली होती, आणि भरून देणारा मीच होतो. शेवटी कुंभवलीच्या एका वेल्डरच्या ट्रंकेत एक कार्ड सापडलं. त्यावर फाईल होती, पण बिघडलेली. मिनिटभर चालायची आणि बंद पडायची. मी ते मिनिट आत्याला ऐकवलं. स्वतःचा आवाज ऐकून तिने डोळे मिटले. तो मध्येच तुटला तसे तिने डोळे उघडले, मोबाईल पालथा ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा ते मिनिट तिच्यापुढे वाजवलं नाही.

तेच मिनिट मी इंटरनेटवर टाकलं. खाली लिहिलं, हे माझ्या आत्याचं गाणं, कोणाकडे पूर्ण असेल तर कृपया द्या. तीन दिवसांत ते उडालं. कंपनीचं पत्र आलं की सदर गाण्यावर त्यांचा हक्क आहे, मी त्यांची अनुमती घेतलेली नाही आणि पुन्हा असं केल्यास दावा लावण्यात येईल. वर त्या संकेतस्थळाने मला कलावंतांच्या हक्कांविषयी एक व्हिडिओ बघायला लावला आणि त्यावर छोटी परीक्षा घेतली. मी पहिल्या झटक्यात पास झालो. आत्याच्या आवाजाचा मालक कोण, हा प्रश्न त्यात नव्हता.

तुमचं म्हणणं खरं असेल तर पुरावा द्या, असंही पत्रात होतं. पुरावा होता ना. कंपनीच्या गाण्याआधी कित्येक वर्षं टिपलेलं, तारखेसकट, अख्खं गाणं. पोलिसांच्या सीलखाली इतकं सुरक्षित की मलाच हात लावता येत नव्हता. पुरावाही तिथेच आणि हळदही तिथेच.

मी माझ्या पालघरच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘तुम्ही इतकी वर्षं कोर्टाला काय सांगताय?’

‘कॉम्प्युटर माझा नाही म्हणून.’

‘कोणी शिकवलं?’

‘तुम्हीच.’

‘मग आता तो तुमचा आहे म्हणून कसा मागणार?’ ते म्हणाले. दुसरा मार्ग होता, पण त्यात तज्ज्ञ होते, प्रयोगशाळा होती, अहवाल होते. तोवर नवरीची पोरं शाळेत गेली असती. लग्नाला महिना उरला होता. लवकरचा उपाय एकच. गुन्हा कबूल करायचा, केस संपवायची आणि मुद्देमाल परत मागायचा. बायको म्हणाली, ‘इतकी वर्षं इज्जत सांभाळली, आता एका गाण्यापायी चोर म्हनवून घेता?’ तिचं चूक नव्हतं. कबुलीचा शिक्का पुसला जात नाही. पण आत्या रोज मला फोन लावायची. ती बोलू शकत नव्हती, नुसता फोन लावून धरायची आणि मी ‘हो, आणतो’ म्हणालो की ठेवायची.

तारखेला मी उभा राहिलो आणि म्हणालो, कबूल आहे. न्यायाधीश साहेबांनी मान वर करून पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या आधीचे चार साहेब बदलले होते, त्यामुळे माझ्या कबुलीचा आनंद वाटून घ्यायला जुनं कोणीच नव्हतं. मग वकिलांनी शिक्षा कमी व्हावी म्हणून माझी बाजू मांडली. माझं दुकान किती फुटकळ, माझी अक्कल किती बेताची, हा धंदा म्हणजे धंदाच कसा नव्हे, हे त्यांनी इतक्या तळमळीने सांगितलं की मला स्वतःबद्दल वाईट वाटलं. थोडा दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे बाकावर बसून राहायचं. त्याचा मला सराव होता.

मग मुद्देमालाचं निघालं. वकील म्हणाले, कॉम्प्युटर आरोपीला परत मिळावा. कंपनीचे वकील उठले. तरुण होते, मऊ बोलत होते. ते म्हणाले, डबा परत द्यायला हरकत नाही, परंतु आतल्या डिस्कवर आमच्या अशिलाच्या गाण्यांच्या बेकायदा प्रती आहेत. आरोपीने आत्ताच तसं कबूल केलंय. कायद्याप्रमाणे अशा प्रती हक्कधारकाच्या ताब्यात द्याव्यात.

माझे वकील कलमांचं पुस्तक चाळू लागले. त्यांच्या चाळण्यावरूनच मला कळलं की हे कलम ते आज पहिल्यांदा शोधतायत. मी न विचारता बोललो, ‘साहेब, त्यात आमचं एक गाणं हाय. आमच्या घरचं.’

‘कोणतं?’ साहेबांनी विचारलं.

मी पहिली ओळ सांगितली. गाऊन नव्हे, नुसती सांगितली. मागच्या बाकावरचं कोणीतरी हसलं, कारण ती ओळ सगळ्यांना माहीत होती. कंपनीच्या वकिलांनी हातातले कागद पाहिले.

‘तेही आमचंच आहे, साहेब.’

मी ओरडलो. काय ओरडलो ते आता आठवत नाही, आत्या हा शब्द त्यात बऱ्याचदा होता. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, गाण्याच्या मालकीबद्दल तुमचं काही म्हणणं असेल तर त्यासाठी वेगळा दावा लावा, इथे तो प्रश्न नाही. इथला प्रश्न मी चोर आहे का एवढाच होता आणि त्याचं उत्तर मी सकाळीच दिलं होतं.

डबा मला आणि डिस्क कंपनीला, असा हुकूम झाला. दुपारी मुद्देमाल आला. सील तोडलं. कारकुनाला डबा उघडता येईना. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मला बोलावलं. ‘तुमी मोबाईलवाले ना? खोला की जरा.’ कोर्ट उठलं नव्हतं, त्यामुळे मी अजून कैदीच होतो. कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर आणून दिला. चार स्क्रू काढले, आतली धूळ फुंकली, दोन वायरी सोडवल्या आणि डिस्क बाहेर काढली. ती माझ्या तळहातावर होती. ‘एकदा लावून बघू द्या, फक्त एक फाईल घेतो,’ मी म्हणालो. कारकुनाने कंपनीच्या माणसाकडे पाहिलं आणि त्या माणसाने नाही म्हणून मान हलवली. सगळं आयुष्य लोकांची गाणी उचलली, चोर म्हणून त्याच दिवशी शिक्का बसला, आणि ऐन वेळी मला चोरी जमली नाही. मी डिस्क त्याच्या हातात दिली. त्याने पोच लिहून सही केली, एक डिस्क, वापरलेली.

रिकामा डबा घेऊन मी थेट माहीमला गेलो. आत्या अंगणात बसली होती. मला पाहून ती उठली आणि तिने हात पुढे केला. मी डबा ओट्यावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, काही न लपवता. कार्डं मी वाटली इथपासून डिस्क मी काढून दिली इथपर्यंत. ती चिडेल, रडेल असं वाटलं होतं. तिने डब्यात वाकून पाहिलं, मग माझा हात धरून मला खाली बसवलं आणि दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली. तू म्हण.

मी लहानपणापासून ते गाणं ऐकलं होतं, शंभर वेळा तरी. मी सुरू केलं. माझा आवाज चांगला नाही. पहिली ओळ आली, दुसरीही आली, आजोबांच्या होडीसकट. तिथे मी थांबलो. वरातीत वाजतात तेवढ्याच ओळी मला येत होत्या. पुढचं मी कधी पाठ केलंच नव्हतं, ते माझ्याकडे भरून ठेवलेलं होतं.

आत्या थांबली नाही. माझ्या दोन ओळींवर तिला सूर सापडला होता. ती बोटं माझ्या गळ्यावरून काढून मांडीवर ताल धरत पुढे गेली, डोळे मिटून, नुसत्या ओठांनी. श्वास गळ्यावरच्या भोकातून सूं सूं येत-जात होता, बाकी काही नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत एखादा शब्द पकडायला पाहत होतो आणि तोवर ती पुढच्या ओळीवर गेलेली असायची. अशी ती शेवटपर्यंत गेली, वीस मिनिटं, आणि मग उठून पाणी प्याली. मधल्या वेळात ती कुठल्या ओळीवर होती, हे मला एकदाही कळलं नाही.